जहाज बुडवा, समुद्र वाचवा

तुमच्याकडे एखादं जुनं जहाज पडून असेल, तर आधी अभिनंदन. गोदीचं भाडं चढतंय, गंज त्याहून वेगाने चढतोय आणि मोडीत काढावं म्हटलं तर अ‍ॅस्बेस्टॉस, जळकं तेल, शिशाचा रंग निस्तरण्यातच भंगाराचे पैसे संपणार. पण खचू नका. जुनं जहाज समुद्रतळाशी बुडवलं की त्यावर प्रवाळ बसतो, भोवती मासे जमतात आणि त्याची 'कृत्रिम भित्ती' होते, असं सांगतात. म्हणजे तुमच्याकडे आहे ती प्रवाळभित्ती. ती अजून पाण्यावर तरंगते आहे, एवढीच काय ती उणीव. सागर संवर्धनाची पुढची परिषद कुठे भरते ते बघा आणि वक्त्यांच्या यादीत नाव घुसवा.

तिथे कुणीतरी विचारणारच की, हे समुद्रात कचरा टाकणंच नाही का? शांतपणे हसा. समुद्रातल्या कचराफेकीला आळा घालणारा 1972 चा लंडन करार तुमच्याच बाजूने उभा आहे. निव्वळ विल्हेवाट सोडून दुसऱ्या हेतूने एखादी वस्तू समुद्रात ठेवली, तर ती कचराफेक धरली जात नाही. कराराच्या उद्दिष्टांना बाध येऊ नये, अशी एक अट आहे, पण उद्दिष्टं वाचायला परिषदेत कुणाला वेळ असतो? जहाज तेच, तळ तोच, भोक पाडणारी स्फोटकंही तीच. फक्त फॉर्मवरच्या 'हेतू' या रकान्यात काय भरायचं, ते आदल्या रात्री नीट पाठ करून जा.

दाखला म्हणून 'ओरिस्कनी' घ्या. ही अमेरिकी विमानवाहू नौका 17 मे 2006 रोजी फ्लोरिडातल्या पेन्साकोलाजवळ बुडवली. त्याआधी तिच्या तयारीवर सुमारे 2 कोटी डॉलर खर्च झाले. बुडवणं स्वस्त असतं असं कोण म्हणालं? एवढं करूनही विजेच्या तारांच्या आवरणात वगैरे मुरलेली 300 किलोहून जास्त पीसीबी ही विषारी रसायनं जहाजातच राहिली. त्यासाठी पर्यावरण खात्याची रीतसर मंजुरी घेतली होती. कशाची? पीसीबीच्या विल्हेवाटीची! म्हणजे एका फायलीत ही विल्हेवाट नाहीच आणि दुसऱ्या फायलीत तिलाच विल्हेवाट म्हणून शिक्का. या दोन फायली एका टेबलावर येऊ न देणं, यालाच संवर्धनातलं नियोजन म्हणतात. पुढे 2012 मध्ये अमेरिकेच्या सागरी प्रशासनाने आपल्या ताफ्यातली 1985 पूर्वी बांधलेली जहाजं सहसा या कामाला द्यायची नाहीत, असं ठरवलं. ही स्लाइड वगळा.

आता फोटो. इथे मात्र हात आखडू नका. बुडालेल्या जहाजाभोवती मासे खरंच गोळा होतात, त्यात खोटं काही नाही. पण हे मासे इथे वाढले की शेजारच्या भित्तीवरून राहायला आले, यावर शास्त्रज्ञ कित्येक दशकं भांडताहेत. तुम्ही या भांडणात पडूच नका. त्यासाठी साधी खबरदारी घ्या: जहाज बुडवण्यापूर्वी आजूबाजूच्या भित्तींवरचे मासे मोजू नका. आधीचा आकडाच नसला, की नंतरचा प्रत्येक मासा तुमचाच. शिवाय फ्लोरिडात कृत्रिम भित्तींचे अक्षांश-रेखांश सरकारच प्रसिद्ध करतं. विखुरलेले मासे एका जागी जमवायचे आणि त्या जागेचा पत्ता गळवाल्यांना द्यायचा, याहून पारदर्शक कारभार कुठे मिळणार?

फोटोत लायनफिश आला तर कापू नका. हिंद-प्रशांत महासागरातला हा घुसखोर मेक्सिकोच्या आखातात नैसर्गिक भित्तींपेक्षा कृत्रिम भित्तींवर दाटीने राहतो आणि तिथले लहान मासे फस्त करतो. पण दिसतो काय देखणा! मुखपृष्ठावर घ्या आणि खाली 'जैवविविधता' लिहा.

एखादा पिकल्या केसांचा श्रोता टायरांचा विषय काढेल. 1970 च्या दशकात फ्लोरिडातच फोर्ट लॉडरडेलजवळ सुमारे 20 लाख जुने टायर अशाच उदात्त हेतूने समुद्रात सोडले होते. उद्घाटनाला गुडइयर या टायर कंपनीच्या फुगेवजा हवाई जहाजातून सोनेरी रंगवलेला टायर खाली टाकला. टायरांच्या मोळ्या नायलॉनच्या पट्ट्यांनी आणि पोलादी चापांनी बांधल्या होत्या. खाऱ्या पाण्यात पोलाद गंजतं, ही गोष्ट समुद्राने सर्वांच्या लक्षात आणून दिली. सुटलेले टायर वादळांत इकडेतिकडे फिरत जवळच्या जिवंत प्रवाळावर आपटत राहिले. पुढे ते उचलायला लष्करी पाणबुडे पाठवावे लागले. तुम्ही एवढंच म्हणा: "ते टायर होते. हे जहाज आहे." टाळ्या पडतात. पॅसिफिकमधल्या पाल्मायरा प्रवाळद्वीपावर 1991 मध्ये आपटलेल्या मासेमारी नौकेभोवती प्रवाळाला गिळणाऱ्या एका जीवाचं पीक आलं, त्यामागे नौकेतून झिरपणाऱ्या लोहाचा हात असल्याचा संशय आहे आणि शेवटी सगळे अवशेष उचलावे लागले, हे त्या श्रोत्याला बहुधा ठाऊक नसेल. आपण कशाला सांगा?

बुडवण्याच्या सोहळ्याला मंत्री, कॅमेरे जरूर बोलवा, पण जहाजाच्या लहरीची हमी देऊ नका. 2002 मध्ये फ्लोरिडातल्या 'की लार्गो' बेटाजवळ 'स्पीगल ग्रोव्ह' हे नौदलाचं जुनं जहाज ठरल्या वेळेआधीच बुडायला लागलं, तेही उलटं, नाक वर काढून. नंतर ते कुशीवर पाडून ठेवलं आणि 2005 मध्ये डेनिस चक्रीवादळाने येऊन फुकटात सरळ केलं. ऑस्ट्रेलियात 2011 मध्ये 'अ‍ॅडलेड' युद्धनौका बुडवायला उशीर झाला, कारण ऐन वेळी तिथे डॉल्फिन आले. ज्यांच्यासाठी घर बांधायचं, ते बांधकामाच्या वेळीच तपासणीला येतात.

शेवटी मागच्या रांगेतली एखादी विद्यार्थिनी उठेल. 2023 पासूनच्या सागरी उष्णतेने जगातल्या प्रवाळभित्तींच्या सुमारे 84 टक्के क्षेत्राला रंग उडण्याइतकं तापवलं. मग त्याच पाण्यात लोखंडावर बसवलेला प्रवाळ कसा तगणार, असं विचारेल. प्रश्न उत्तम आहे म्हणा. उष्णतेचं सत्र शेजारच्या दालनात आहे, असं नम्रपणे सांगा आणि पुढची स्लाइड लावा: 'एसएस युनायटेड स्टेट्स' हे जुनं प्रवासी जहाज. लांबी सुमारे 300 मीटर, 'ओरिस्कनी'हून मोठं, बांधणी 1952 च्या आसपासची. 1985 ची अट? ती सरकारी ताफ्याला. हे तर फ्लोरिडातल्या ओकालूसा काउंटीने 2024 मध्ये बुडवण्यासाठीच विकत घेतलं आहे.