आठ-बाराची लोकल आणि लीड्समधला मुखवटा

यंदा डोंबिवलीत आमच्या मंडळाच्या गणपतीत भाच्याला रॅप म्हणू दिलं नाही. मंडळाचं ठीक, पण घरच्या ग्रुपवर खुद्द दादानेच लिहिलं, ‘पोवाडा म्हण, भारूड म्हण, ही परकी थेरं कशाला?’ खाली अंगठ्यांची रांग. रात्रभर माझा डोळा लागला नाही.

परकं म्हणजे काय? ‘शाहीर’ शब्द अरबीतल्या ‘शायर’वरून आला, भजनाची पेटी युरोपातून आली. ती उचलून ठेवा असं कुणी म्हणतं का? मी राहते त्या इंग्लंडमधल्या लीड्समध्ये माझ्या मुलाच्या वर्गातल्या पोरांनी जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेला, रॅप लिहून दिलं आणि बाईंनी मन लावून तपासलं.

त्या मुलामुळेच मला एमएफ डूम हा रॅपर कळला. खरं नाव डॅनियल डुमिले. जन्म १९७१ चा, लंडनचा. आई त्रिनिदादची, वडील झिम्बाब्वेचे, आणि वाढला न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर. धाकट्या भावाबरोबर केएमडी नावाचा गट काढला. १९९३ मध्ये तो भाऊ रस्ता ओलांडताना गाडीखाली गेला. पाठोपाठ रेकॉर्ड कंपनीने त्यांचा तयार अल्बम अडवून गटालाच बाहेर काढलं. काही वर्षं हा माणूस दिसलाच नाही. मग मॅनहॅटनमधल्या एका छोट्या कविता-कट्ट्यावर चेहऱ्यावर स्टॉकिंग ओढून उभा राहिला. पुढे धातूचा मुखवटा आला, तो कायमचा. माणूस कसा दिसतो हे बघू नका, शब्द ऐका, एवढंच त्याचं म्हणणं.

आणि शब्द काय! मॅडलिब या संगीतकाराबरोबरचा २००४ चा ‘मॅडव्हिलनी’ हा अल्बम ऐका. बहुतेक गाणी तीन मिनिटांच्या आत, ध्रुवपदाची वाट बघू नका, ओळीच्या पोटात यमकांवर यमकं. मला तर मोरोपंत आठवले. दादाला शाळेत त्यांच्या आर्या पाठ होत्या, यमक म्हणजे काय ते मला त्यानेच ओट्यावर बसून शिकवलं. म्हणून तर जास्त लागलं.

२०१० मध्ये युरोपचा दौरा करून डूम परत निघाला, तर अमेरिकेने आत घेतलं नाही. लहानपणापासून तिथे वाढला, बायको-मुलं तिथे, पण नागरिकत्वाचा कागद नव्हता. ज्या इंग्लंडचा कागद होता तिथे राहावं लागलं. ३१ ऑक्टोबर २०२० ला तो गेला, ४९ व्या वर्षी, आमच्या लीड्समध्ये. जगाला कळलं दोन महिन्यांनी, ३१ डिसेंबरला. माझा मुलगा जिन्यात बसून रडला होता. मला तेव्हा नावही धड माहीत नव्हतं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दादाचं उत्तर आलं, ‘तिकडे बसून आम्हाला आपलं-परकं शिकवू नकोस.’

त्यावर मला बोलता येईना. माझ्याकडे इथला पासपोर्ट आहे, मुंबईला उतरले की मी परदेशी लोकांच्या रांगेत उभी राहते. अठरा वर्षांत एकदाही त्या मांडवात आरतीला नव्हते. मुलाला दोन कडव्यांपुढे आरती येत नाही. डूमच्या गोष्टीत मी भाच्याला शोधत होते की स्वतःला, कोण जाणे.

भाच्याने ते रॅप मला पाठवलं होतं. गच्चीत टाकीमागे बसून रेकॉर्ड केलेलं, मागे कुकरची शिट्टी. हेअरहिल्सच्या बसमध्ये मी ते चारदा ऐकलं:

‘पहाटे चारला नळाला धार,
आठ-बाराला दाराला भार,
बाबा लटकतो, श्वास अटकतो…’

काल मी दादाला फोन लावला. म्हटलं, ‘ग्रुपवरचं सोड. पोराचं ऐकलंस का? त्यात दारात लटकणारा माणूस तू आहेस.’ ओळी म्हणून दाखवल्या. बराच वेळ पलीकडे नुसता पंख्याचा आवाज.

मग म्हणाला, ‘आठ-बारा आता आठ-चौदाची झालीय. त्याला सांग.’

मला ते माहीत नव्हतं.