व्हेरिफाय स्वच्छ, तरी टक्कर का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कॅममधला (संगणकावर मशीनचा प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला) डेटा घेऊन मशीन सिम्युलेशन कसं उभं करायचं, या माझ्या लेखावर तुम्ही जे लिहिलंत त्याला दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटेना. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी मांडतो. तुम्ही व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनवर, सेटर आहात: जॉब आणि टूल लावून मशीन तयार करणारे. कॅमच्या व्हेरिफायमध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या तपासणीत, स्वच्छ दिसलेला प्रोग्राम तुम्ही चालवलात आणि एका भोकावरून दुसऱ्याकडे जाताना ड्रिल क्लॅम्पच्या स्टडवर (जॉब पकडणाऱ्या पट्टीच्या उभ्या बोल्टवर) आदळलं. म्हणून तुमचे आक्षेप असे: स्क्रीनवरच्या चित्राचा मशीनशी संबंध नसतो, एवढा डेटा भरेपर्यंत जॉब निघतो, आणि सिंगल ब्लॉक (प्रोग्राम एकेक ओळ चालवणं) व रॅपिड ओव्हरराइड (जलद हालचालीचा वेग कमी करणारा नॉब) हाताशी असताना सेटरला याची गरज काय?

पहिला आक्षेप मला मान्य आहे. कॅमचं नेहमीचं व्हेरिफाय टूलपाथ दाखवतं, म्हणजे सीएल डेटा: टूलचं टोक कुठून कुठे जाणार, एवढंच. त्यानंतर पोस्ट प्रोसेसर त्याचा जी-कोड, म्हणजे मशीनच्या भाषेतला प्रोग्राम, करतो आणि मशीन फक्त तो जी-कोड वाचतं. पोस्टने काय लिहिलं आणि कंट्रोलने (मशीनच्या संगणकाने) त्याचा काय अर्थ लावला, हे त्या व्हेरिफायमध्ये आलेलंच नसतं. लेखात मी लिहिलं होतं ते पोस्ट झालेला जी-कोड वाचणाऱ्या सिम्युलेशनबद्दल: व्हेरिकट, किंवा एनएक्समधलं कंट्रोलरसह चालणारं सिम्युलेशन. तुमचा प्रोग्राम या अर्थाने तपासला गेलाच नव्हता.

तुमचीच टक्कर घेऊ. तुमचा कंट्रोल फानुकचा आहे असं तुम्ही लिहिलंय. फानुकमध्ये जी० ची, म्हणजे रॅपिडची (न कापता पूर्ण वेगाने जायची) हालचाल सरळ रेषेत व्हायलाच हवी असं नाही. पॅरामीटर १४०१ मधला बिट १, म्हणजे उजवीकडून दुसरा, ० असेल तर प्रत्येक अक्ष आपापल्या रॅपिडने सुटतो आणि ज्याचं अंतर आधी संपेल तो आधी थांबतो. समजा टूल एक्स० वाय० वर आहे आणि पुढचं भोक एक्स३०० वाय१०० वर. दोन्ही अक्षांचा रॅपिड सारखा असेल तर टूल आधी ४५ अंशांत एक्स१०० वाय१०० पर्यंत जाईल आणि मग नुसत्या एक्सने ३०० गाठेल. कॅमने मात्र तुम्हाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेषा दाखवली. ज्या कोपऱ्यावरून मशीन खरोखर वळलं, तो त्या रेषेपासून सुमारे ६३ मिमी दूर आहे. स्टड तिथे असेल, तर व्हेरिफायमध्ये क्लॅम्पचं मॉडेल असूनही काही दिसलं नसतं.

त्यात भोकांची सायकल. जी९८ असेल तर टूल प्रत्येक भोकानंतर सुरुवातीच्या उंचीवर परत येतं, जी९९ असेल तर आर लेव्हलवर, म्हणजे जॉबच्या जरा वरच्या ठरवून दिलेल्या उंचीवर. आर जॉबच्या वर ३ मिमी ठेवलेला असेल आणि पोस्टने जी९९ काढला असेल, तर ड्रिल क्लॅम्पच्या उंचीच्या बरंच खाली राहून पुढच्या भोकाकडे धावतं. कॅममध्ये रिट्रॅक्टची उंची मोठी दिली असली तरी पोस्ट झालेल्या ओळीत काय उतरलंय ते उघडून पाहावंच लागतं.

आणखी एक ओळ अशीच घातक आहे. झेड अक्ष घरी, म्हणजे मशीनच्या मूळ जागी, पाठवायला जी९१ जी२८ झेड० लिहायचं असतं. जी९१ मध्ये अंतर आहे त्या जागेपासून मोजलं जातं, जी९० मध्ये झिरोपासून. कुणी मशीनवर एडिट करताना जी९१ लिहायचं राहून गेलं आणि जी९० चालू असेल, तर मशीन आधी चालू वर्क ऑफसेटच्या (जॉबच्या झिरोच्या) झेड० वर रॅपिडने उतरतं आणि मग घरी जातं. झेड० जॉबच्या तळाशी धरलेला असेल तर परिणाम सांगायला नको. टूलपाथच्या चित्रात इथे टूल निमूट वर जाताना दिसतं. जी-कोड वाचणारं सिम्युलेशन ही ओळ पकडतं.

आता डेटाकडे येतो, कारण खरं काम तिथेच आहे आणि तुमच्याशिवाय ते होत नाही.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी टूल लेंथ टच ऑफ करून (टूल जॉबला टेकवून) घेतात. म्हणजे जी५४ चा (वर्क ऑफसेटचा) झेड ० आणि एच मध्ये (टूल लांबीच्या रकान्यात) घरापासून जॉबच्या माथ्यापर्यंतचं मोठं ऋण अंतर. प्रीसेटर (टूलची लांबी मशीनबाहेर मोजणारं यंत्र) असलेल्या शॉपमध्ये उलटं: एच मध्ये टूलची खरी गेज लेंथ (होल्डरवरच्या गेज लाइनपासून टोकापर्यंतची लांबी) आणि मोठा ऋण आकडा जी५४ च्या झेडमध्ये. मशीनच्या दृष्टीने दोन्ही पद्धती बरोबर आहेत. सिम्युलेशनमध्ये मात्र टूलची लांबी मॉडेलमधूनच येते. प्रोग्रॅमरने प्रीसेटरची पद्धत धरली आणि तुम्ही सांगितलेले टच ऑफचे आकडे तसेच भरले, तर लांबी दोनदा मोजली जाते किंवा एकदाही नाही. मग टूल हवेत कापत राहतं किंवा टेबलात घुसलेलं दिसतं, आणि लोक म्हणतात की सॉफ्टवेअर बेकार आहे.

प्रीसेटर नसेल तरी गेज लेंथ मिळते. बीटी ४० होल्डरमध्ये गेज लाइन स्पिंडलच्या तोंडाशीच असते. टेबलावर एक उंच ब्लॉक ठेवा. रिकाम्या स्पिंडलचं तोंड त्याला हलकेच लावून मशीन कोऑर्डिनेट बघा, समजा झेड −५६०.०००. आता टूल ५ त्याच ब्लॉकला लावा, समजा −४१२.३५०. फरक १४७.६५०, हीच त्या टूलची गेज लेंथ. पुढच्या टूलसाठी स्पिंडल रिकामा करायचीही गरज नाही: टूल ६ चा आकडा −३८७.३५० आला, तर ते टूल ५ पेक्षा २५ मिमी लांब आहे. हे आकडे प्रोग्रॅमरला द्या आणि होल्डरच्या मॉडेलमध्ये तेच बसवायला सांगा.

होल्डर तर हटकून चुकतो. प्रोग्रॅमरने लायब्ररीतला तयार होल्डर उचलून १२ च्या एंडमिलला ५० मिमी ओव्हरहँग (होल्डरबाहेरची लांबी) दिला. तुमच्या रॅकमध्ये वेगळा कोलेट चक आहे आणि टूल बाहेर आलंय ३८ मिमी. पॉकेट ४५ मिमी खोल असेल तर ५० वर ते मोकळं जातं आणि ३८ वर होल्डर भिंतीला घासतो. सिम्युलेशनने ५० वर उत्तर दिलं, ते ५० पुरतं खरंच होतं. म्हणून माझा आग्रह असतो की सेटअप शीटवर ओव्हरहँगचा रकाना सेटरने भरावा आणि तो बदलला तर सिम्युलेशन पुन्हा चालवावं.

स्टॉकबद्दल, म्हणजे कापण्याआधीच्या कच्च्या मालाच्या मॉडेलबद्दल, थोडक्यात. एसटीएल (थ्रीडी आकाराच्या) फाइलमध्ये एकक नसतं, त्यामुळे इंचातली फाइल मिमी म्हणून वाचली गेली तर जॉब २५.४ पट लहान दिसतो. तो घोळ निदान लगेच कळतो. लपून राहतो तो ओरिजिनचा घोळ, मॉडेल एका झिरोवरून निर्यात केलेलं आणि प्रोग्राम दुसऱ्यावरून. पहिल्या सेटअपचा कापलेला स्टॉक साठवून दुसऱ्याला तोच द्यावा. कास्टिंग असेल तर ड्रॉइंगवरचा आकार स्टॉक म्हणून देऊ नका. कोल्हापूरहून आलेलं कास्टिंग हातात घेतलं की गेट-रायझरचा (धातू ओतायच्या वाटांचा) उरलेला भाग कुठे आहे ते तुम्हाला दिसतं, प्रोग्रॅमरला दिसत नाही. तिथे एक ठोकळा वाढवून दिला तरी पुरतं.

वेळेचा हिशेब तुम्ही करता तसा मी करत नाही. मशीनचं मॉडेल, अक्षांच्या मर्यादा, कंट्रोलचे पॅरामीटर आणि होल्डरची लायब्ररी हे एकदाच करायचं काम आहे. दर जॉबला बदलतात ते फिक्स्चर, क्लॅम्प, स्टॉक आणि ऑफसेट. दोन-चार प्लेटा आणि भोकांचा जॉब असेल तर मीही एवढा खटाटोप करायला सांगणार नाही, तिथे तुमचं बरोबर आहे. पण पाच अक्षांचं काम, उंच फिक्स्चर, महागडं कास्टिंग किंवा रात्रपाळीत एकट्या ऑपरेटरवर सोडलेलं मशीन असेल, तर स्पिंडल थांबवून ड्राय रन (न कापता चालवून बघणं) करत बसणं जास्त महाग पडतं.

सिंगल ब्लॉक सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. टूलचा कंप, व्हाइसमध्ये सरकलेला जॉब, कोलेटमधून खाली ओढलं गेलेलं टूल, टेबलावर साचलेला बुरादा हे नेहमीच्या सिम्युलेशनमध्ये दिसत नाही. पहिल्या पीसला तुमचा हात रॅपिडच्या नॉबवर असायलाच हवा. पण सिंगल ब्लॉकमध्येही एक ब्लॉक पूर्ण चालतो. वाकडं वळण घेणारी ती जी० ची हालचाल एकाच ब्लॉकमध्ये आहे, आणि ‘डिस्टन्स टू गो’ मध्ये उरलेलं अंतर दिसतं, वाट दिसत नाही. २५ टक्के रॅपिडवर तुम्हाला थांबवायला वेळ मिळतो, तोही स्टडकडे लक्ष असेल तर.

खर्चाचा मुद्दा तुम्ही ओझरता काढलाय. तीन अक्षांचा जी-कोड नुसता कापून बघायला कॅमोटिक्स मोफत मिळतं. त्यात तुमचं मशीन आणि क्लॅम्प नसतील, पण चुकलेला झेड तरी दिसेल.

आता एक विनंती. तुमच्या मशीनवर १४०१ चा तो बिट बघा, पण बदलू नका. त्याने जुन्या सगळ्या प्रोग्रामची वाट बदलते, म्हणून आधी मशीन बनवणाऱ्यांशी बोला. ज्या दोन भोकांमध्ये टक्कर झाली त्यांचे एक्स-वाय, सायकलची ओळ आणि स्टडची जागा व उंची इथे लिहा. ड्रिल कोणत्या वाटेने गेलं ते आपण कागदावरच काढू.