विरजण कुणाकडं मागायचं?
पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलवरचा, म्हणजे जगभरच्या माणसांनी एकत्र राहावं म्हणून वसवलेल्या गावावरचा लेख वाचला. १९६८ साली १२४ देशांची माती एका कलशात घातली, ५० हजार माणसांचं शहर आखलं, अन् आज तिथं जेमतेम तीन-साडेतीन हजार माणसं. घरात राहा, पण मालकी तुमची नाही, हा तिथला नियम आमच्याकडं कुणाला पटावा? इथं वीतभर बांधावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या!

आम्ही लातूरकडचे. १९९३ च्या भूकंपानंतर आमचं गावही कागदावर आखूनच वसवलं. रस्ते रुंद, घरं ओळीनं. पण दगडी वाड्यांसोबत ढाळज, म्हणजे दाराजवळची बसाउठायची जागा गेली, पार गेला. आजी कायम कुरकुरायची, "शेजारीण हाकेच्या टप्प्यात नाही, विरजण कुणाला मागू?" ऑरोव्हिलात ते कुणाकडं मागतात, हे लेखात यायला हवं होतं.