ब्रेकवर तेल मारा म्हणणाऱ्या ‘अनुभवी इंजिनिअर’ला

‘सर्व्हिस सेंटरवाले लुटतात. ही पाच कामं घरीच करा आणि वर्षाला हजारो रुपये वाचवा!’ ही पोस्ट तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेली असेल. खाली ‘एका अनुभवी इंजिनिअरकडून’ अशी सही. नाव अर्थातच नाही. एरवी मी न वाचता पुढे गेलो असतो. पण वाईच्या काकांनी फोन करून विचारलं, “डिस्कवर मारायचा तो स्प्रे कुठला आणू रे?” काका पसरणी घाटातून पाचगणीला नेहमी जाऊन-येऊन असतात, बऱ्याचदा नातवंडांना घेऊन. म्हणून हे लिहितोय.

पहिला मुद्दा तोच. ‘ब्रेक करकरत असतील तर डिस्कवर थोडं तेल किंवा गंज काढायचा स्प्रे मारा, आवाज लगेच बंद.’ होतो ना बंद. सोबत ब्रेकही जातो. गाडी थांबते ती ब्रेकचे पॅड चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला घासतात म्हणून. तिथे तेल लावल्यावर घासायचं कशाने? शिवाय पॅड तेल पिऊन घेतात. मग फडक्याने कितीही पुसा, नवे पॅड टाकल्याशिवाय सुटका नाही. आणि मुळात तो आवाज पुष्कळदा मुद्दाम ठेवलेला असतो. अनेक पॅडना पत्र्याची बारीक पट्टी असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटर उरलं की ती डिस्कला टेकते आणि किंचाळायला लागते. पॅड संपत आलंय, बदला, एवढंच ती सांगत असते. (पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो, त्याचाही सकाळी आवाज येतो. तो चार वेळा ब्रेक दाबला की जातो.) डब्ल्यूडी-४० हा असाच गंज काढायचा स्प्रे. तो बनवणारी कंपनी स्वतःच सांगते की तो ब्रेकवर वापरू नका. पण आमच्या इंजिनिअरला कंपनीपेक्षा जास्त कळतं!

दुसरा मुद्दा, ‘कूलंट म्हणजे रंगीत पाणी. इंजिन तापलं की झाकण उघडून साधं पाणी ओता.’ यात दोन चुका आहेत आणि दुसरी माणूस भाजणारी आहे. कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. त्यात ग्लायकॉल असतं, गंज रोखणारी रसायनं असतात. नुसतं बोअरचं पाणी घालत राहिलात तर रेडिएटरमध्ये क्षार धरतात. रस्त्यात अडकलात, कूलंट मिळत नाही, तर गॅरेजपर्यंत पोचण्यापुरतं साधं पाणी चालतं, एवढं मान्य. पण कूलंटचं झाकण? चालत्या इंजिनात कूलंट दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. ते झाकण उघडणं म्हणजे शिट्टी न काढता कुकर उघडणं. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत त्याला हात लावू नका, हे गाडीसोबत आलेल्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. ग्लव्ह बॉक्समध्ये कोरं करकरीत पडलंय बघा.

त्याच मॅन्युअलमध्ये तिसऱ्या मुद्द्याचंही उत्तर आहे. ‘डिकीतला जॅक लावा, गाडीखाली शिरा, ऑइल काढा.’ तो जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली अंगाचा कुठलाही भाग घालायचा नाही. खाली काम करायचंच असेल तर सपाट, पक्की जमीन आणि जॅक स्टँड (उचललेली गाडी पेलून धरणारे टेकू) लागतात. पार्किंगच्या उतारावर तर नाहीच नाही.

चौथा, काढलेलं ऑइल पावसाळ्याआधी गाडीच्या बुडाला फासा. ट्रकवाले हे करतात आणि त्याने गंज थोडा लांबतो, हे खरं. पण रबराचे बुश (गाडीखालच्या सांध्यांतली रबरं) त्याने फुगतात, ते ब्रेकवर ओघळलं तर पुन्हा पहिला मुद्दा. उरलेलं गटारात ओता म्हणणाऱ्याला काय बोलायचं! वापरलेलं ऑइल २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं.

पाचवा, हेडलाइटला टूथपेस्ट. उजळतात थोडे दिवस. सोडा.

आता लुटीबद्दल. बिलात न सांगता घातलेली ‘ट्रीटमेंट’ मीही पाहिली आहे, त्यामुळे पोस्टमागचा राग कळतो. बाहेर काम केलं की वॉरंटी गेली, ही भीतीही सरसकट खरी नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं, हा त्यातला मुख्य आरोप. गाडी बाहेर दुरुस्त केली एवढ्यावरून वॉरंटी सरसकट रद्द करू नका, असंही त्या आदेशात बजावलं होतं. कंपन्या अपिलात गेल्या, हेही सांगायला हवं.

तेव्हा काका, घरी काहीतरी करायचंच असेल तर एअर फिल्टर काढून बघा, बहुतेक गाड्यांत नुसत्या क्लिपा असतात. एसीचा फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लव्ह बॉक्समागे सापडतो. वायपरची रबरं पावसाआधी बदला. टायरची हवा थंड असताना तपासा, आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो. पॅड मात्र घाटात जायच्या आधी गॅरेजमध्ये दाखवा, आणि तो स्प्रे घेतलाच असेल तर फाटकाच्या बिजागरीला वापरा.