यूएफडब्ल्यू चालू आहे म्हणून डॉकरचा २३७५ पोर्ट उघडू नका

उबुंटू सर्व्हरवर डॉकर (ॲप वेगवेगळ्या बंदिस्त डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं सॉफ्टवेअर) लावणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो. थोडक्यात असा: डॉकरच्या सेटिंगच्या डेमन डॉट जेसन फाइलमध्ये 'होस्ट्स'पुढे ०.०.०.० आणि पोर्ट २३७५ टाका, डॉकर रीस्टार्ट करा, की लॅपटॉपवरून थेट सर्व्हर हाताळता येतो. यूएफडब्ल्यू, म्हणजे उबुंटूची फायरवॉल, चालू असली की धोका नाही. टीमला सूडो (रूट, म्हणजे सर्वाधिकारी, म्हणून कमांड चालवायची मुभा) देण्यापेक्षा डॉकर ग्रुपमध्ये (डॉकर वापरायची परवानगी असलेल्यांत) घाला, ते जास्त सुरक्षित. आणि डॉकर यूएफडब्ल्यूला जुमानत नसेल तर 'आयपीटेबल्स' (डॉकरने फायरवॉलचे नियम स्वतः घालायचं सेटिंग) फॉल्स करून टाका. नवी मुलं हे जसंच्या तसं उचलून प्रॉडक्शनवर टाकतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

आधी पोर्ट. डॉकरचा डेमन (मागे सतत चालणारा मुख्य प्रोग्राम) रूट म्हणून चालतो. मुळात तो फक्त एका युनिक्स सॉकेटवर (त्याच मशीनपुरत्या संपर्काच्या फाइलवर) ऐकतो आणि त्या सॉकेट फाइलची परवानगी हाच त्याचा पहारेकरी असतो. २३७५ उघडला की हा पहाराच उठतो. तिथे पासवर्ड नाही, सर्टिफिकेट नाही, एन्क्रिप्शनही नाही. पोर्टपर्यंत पोहोचलेला माणूस एक साधा अल्पाइन (छोटं लिनक्स) कंटेनर सुरू करतो, सर्व्हरची अख्खी रूट डिरेक्टरी त्यात माउंट करतो, आत शिरून सीएचरूट करतो (तीच डिरेक्टरी आपलं मूळ बनवतो) आणि रूटच्या एसएसएच कीच्या यादीत आपली की लिहून बाहेर पडतो. यात कुठलाही बग वापरलेला नाही. एपीआयला (डेमनला आज्ञा द्यायच्या मार्गाला) जे सांगितलं ते त्याने इमानेइतबारे केलं. असा पोर्ट उघडला की डेमन स्वतः लॉगमध्ये इशारा देतो, की या एपीआयचा ॲक्सेस म्हणजे होस्टवरचा रूट ॲक्सेस. ऑक्टोबर २०१९ मध्ये पालो आल्टो या सुरक्षा कंपनीच्या युनिट ४२ टीमने ग्रॅबॉइड नावाचा वर्म (आपोआप पसरणारा मालवेअर) उघडकीस आणला. असे उघडे डेमन शोधून त्याने २,००० हून जास्त मशीनवर मोनेरो या क्रिप्टोकरन्सीचं मायनिंग लावलं होतं. पुढच्याच वर्षी किन्सिंग मालवेअरने हाच दरवाजा वापरला.

'यूएफडब्ल्यू आहे ना' हे अर्धसत्य आहे, आणि म्हणूनच जास्त घातक. डेमन ही होस्टवरचीच प्रोसेस असल्यामुळे २३७५ कडे येणारं पॅकेट इनपुट चेनमधून (खुद्द होस्टसाठी आलेल्या पॅकेटच्या नियमांच्या साखळीतून) जातं आणि यूएफडब्ल्यू ते खरंच अडवतं. पण लॅपटॉपवरून वापरायचं तर तिथे वाट द्यावीच लागते. ऑफिसच्या आयपीला परवानगी दिली की त्या आयपीमागचं प्रत्येक मशीन, पाहुण्यांच्या वायफायवरचा फोनसुद्धा, तुमच्या सर्व्हरवर रूट होऊ शकतो.

कंटेनरच्या पोर्टचं तर याहून वेगळं आहे. पोस्टग्रेस डेटाबेसचा ५४३२ पब्लिश केलात (बाहेरून पोचता येईल असा केलात) की डॉकर नॅट टेबलच्या (पत्ते बदलणाऱ्या नियमांच्या) प्रीराउटिंगमध्ये, म्हणजे पॅकेट येताच लागणाऱ्या टप्प्यात, नियम घालतो. पॅकेटचा पत्ता तिथेच बदलतो आणि ते फॉरवर्ड चेनकडे (पुढे पाठवायच्या पॅकेटच्या साखळीकडे) वळतं. तुमचा डिनाय नियम इनपुटमध्ये बसलेला असतो, त्याला हे पॅकेट दिसतच नाही. यूएफडब्ल्यूचं स्टेटस बघावं तर ५४३२ बंद, आणि डेटाबेस मात्र जगाला खुला.

यावर आयपीटेबल्स फॉल्स करणं म्हणजे रोगापेक्षा औषध भयंकर. मग मास्करेडचा (कंटेनरला होस्टच्या पत्त्याने बाहेर जाऊ देणारा) नियमही बनत नाही, कंटेनरला बाहेरचं इंटरनेट मिळत नाही. पब्लिश केलेले पोर्ट डॉकरच्या प्रॉक्सीमार्फत (मधल्या प्रोग्राममार्फत) चालत राहतात, पण ॲपच्या लॉगमध्ये प्रत्येक ग्राहकाचा आयपी ब्रिजच्या (डॉकरच्या आतल्या नेटवर्कच्या) गेटवेचाच दिसू लागतो. डेटाबेस फक्त त्याच सर्व्हरवर लागत असेल तर पब्लिश करताना पोर्टच्या आधी १२७.०.०.१ (सर्व्हरचा स्वतःपुरता पत्ता) लिहा. ठरावीक आयपींनाच आत घ्यायचं असेल तर नियम 'डॉकर-यूजर' चेनमध्ये घाला; मात्र तिथे पोचेपर्यंत पत्ता बदललेला असतो, म्हणून नियमात कंटेनरचा आतला पोर्ट द्यावा लागतो, किंवा कॉनट्रॅकने (कनेक्शनची नोंद ठेवणाऱ्या सोयीने) मूळ पोर्ट तपासावा लागतो.

डॉकर ग्रुपमधला माणूस वरचीच माउंटची युक्ती पासवर्डशिवाय करू शकतो, म्हणजे तोही रूटच. उलट सूडोने चालवलेली कमांड ऑथ लॉगमध्ये उमटते, ही उमटत नाही. खरोखर अधिकार कमी करायचे असतील तर रूटलेस मोड (डेमन रूटशिवाय चालवायची पद्धत) आहे, डॉकरच्या २०.१० आवृत्तीपासून त्याचा 'प्रायोगिक' शिक्का गेलाय.

आणि हा सल्ला उबुंटूवर जसाच्या तसा चालतही नाही. सिस्टमडीच्या (सर्व्हिस सुरू करणाऱ्या व्यवस्थेच्या) सर्व्हिस फाइलमध्ये होस्टचा फ्लॅग आधीच दिलेला असतो. तोच जेसनमध्येही आला की डेमन तक्रार करून सुरूच होत नाही. लाइव्ह-रिस्टोर (डेमन बंद असतानाही कंटेनर चालू ठेवणारं सेटिंग) चालू नसेल तर रीस्टार्टने सगळे कंटेनर थांबलेले असतात, आणि डेमन उठेपर्यंत थांबलेलेच राहतात.

लॅपटॉपवरून सर्व्हर हाताळायची गरज खरी आहे, ती मी नाकारत नाही. त्यासाठी १८.०९ आवृत्तीपासून एसएसएचची सोय आहे: डॉकर कॉन्टेक्स्ट (कुठल्या सर्व्हरशी बोलायचं याची नोंद, १९.०३ पासून) बनवताना पत्ता एसएसएचचा द्या, नवा पोर्ट लागत नाही. सीआयसारख्या (कोड आपोआप बिल्ड-टेस्ट करण्याच्या) कामाला टीसीपीच (नेटवर्कचा पोर्टच) हवं असेल तर २३७६ वर टीएलएस (एन्क्रिप्शन आणि सर्टिफिकेट) लावा, पण 'टीएलएस व्हेरिफाय'सकट. नुसत्या टीएलएसने क्लायंट कोण हे तपासलं जात नाही. ती क्लायंट की रूटच्या पासवर्डइतकीच जपा. आजच सर्व्हरवर एसएस कमांडने ऐकणारे पोर्ट बघा. २३७५ दिसला तर आधी तो बंद करा, मग ओळख नसलेले कंटेनर, क्रॉन (ठरावीक वेळी चालणारी कामं) आणि एसएसएच कीची यादी तपासा. परकी की किंवा अनोळखी कंटेनर सापडला, तर साफसफाईवर न थांबता सर्व्हर नव्याने उभा करा आणि त्यावरचे सगळे पासवर्ड बदला.