निफेडिपिनने अकॅलेशिया ‘मुळापासून’ जात नाही

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या औषधांच्या दुकानात हल्ली लोक मोबाइलवरचा एकच संदेश दाखवतात : ‘छातीत घास अडकतो म्हणजे अकॅलेशिया. जेवणाआधी निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली धरा. आजार मुळापासून जातो, अपाय काही नाही, तपासण्या नकोत आणि ऑपरेशन म्हणजे निव्वळ लुबाडणूक.’

निफेडिपिन (मुळात रक्तदाबाचे औषध) आणि आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट (मुळात हृदयविकाराचे) ही औषधे या आजारात दिली जातात, एवढे खरे आहे. ‘मुळापासून’ हे मात्र खोटे आहे. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला स्नायूंची झडप असते. घास आला की तिला सैल पडायला लावणाऱ्या चेतापेशीच या आजारात नष्ट झालेल्या असतात आणि त्या परत येत नाहीत. औषध झडपेचा ताण काही वेळ उतरवते, आणि पुढेपुढे शरीराला सवय होऊन तेवढाही गुण येईनासा होतो. दुर्बिणीतून झडपेत देतात त्या बोटॉक्सचा, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनचा, परिणामही बहुधा वर्षभरात ओसरतो. त्यामुळे हे उपाय प्रामुख्याने ज्यांना शस्त्रक्रिया झेपणार नाही त्यांच्यासाठी राखलेले असतात.

अपाय नाही, हेही चूक आहे. डोके ठणकते, पाय सुजतात, चक्कर येते. कॅप्सूल फोडून घेतल्यास रक्तदाब एकदम कोसळू शकतो. वाढलेला रक्तदाब उतरवण्याची हीच जुनी पद्धत डॉक्टरांनी याच कारणाने सोडून दिली.

तपासण्यांविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. माझ्या काकू दोन वर्षे ॲसिडिटीच्या गोळ्या घेत होत्या आणि त्या मीच देत होतो. ताटाशेजारी पाण्याचा तांब्या असे आणि दर घासामागे त्या उभ्या राहून पाणी पीत. एकदा पहाटे उशीवर भाकरीचा तुकडा जसाच्या तसा पडलेला दिसला, त्याला आंबट वासही नव्हता. म्हणजे रात्रीचे अन्न जठरापर्यंत पोचलेच नव्हते. अन्ननलिकेच्या किंवा जठराच्या तोंडाशी झालेल्या कर्करोगातही घास असाच अडकतो, म्हणून आधी दुर्बीण, मग बेरियमचा एक्स-रे आणि झडपेचा दाब मोजणारी मॅनोमेट्री करावीच लागते.

राहिला लुबाडणुकीचा आरोप. झडपेचे स्नायू कापण्याची शस्त्रक्रिया जर्मन सर्जन हेलर यांनी १९१३ साली केली; तोंडावाटे दुर्बिणीने तेच काम करणारी ‘पोएम’ पद्धत जपानमध्ये डॉ. इनोउए यांनी २००८ साली सुरू केली. फुग्याने झडप ताणणे आणि हेलर शस्त्रक्रिया यांची युरोपात तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले : दोन वर्षांनंतर दोन्ही गटांत दहापैकी जवळपास नऊ रुग्णांना आराम होता. नष्ट झालेल्या पेशी यांनीही परत येत नाहीत, काहींना पुन्हा फुगा लागतो आणि ‘पोएम’नंतर जळजळ वाढू शकते, हेही रुग्णाला आधीच सांगायला हवे. काकूंनी फुग्याचा उपाय करून घेतला. आता त्या बसून जेवतात.