बंधारे फोडले की मासे परत येतात म्हणे

सध्या नाशिकच्या ग्रुप्सवर एक फॉरवर्ड फिरतोय, की गोदावरी आणि तिच्या उपनद्यांवरचे छोटे बंधारे सरसकट फोडा, जितके किलोमीटर नदी मोकळी तितके मासे जास्त, अमेरिकेत एल्व्हा नदीवर हेच केलं आणि सॅल्मन (समुद्रातून नदीत चढून अंडी घालणारे मासे) परत आले. भावना चांगलीये हो, पण हिशोब गंडलाय.

आधी एल्व्हाचंच घ्या. तिथली दोन धरणं 2011 ते 2014 मध्ये काढली, खरंय. पण खालच्या धरणाच्या पायथ्याशी सॅल्मन शंभर वर्षं येतच होते आणि वरची बहुतेक नदी नॅशनल पार्कात, स्वच्छ. म्हणजे खाली मासा शिल्लक, वर त्याला राहायला जागा, हे फॉरवर्डमधून बरोब्बर गळलंय.

"जितके किलोमीटर तितके मासे" म्हणता, मग नाशिक शहरातून गोदावरीला मिळणाऱ्या नासर्डीपासून सुरू करायचं का? तिच्यात ड्रेनेजचं पाणी, ती कितीही मोकळी केली तरी चढणीचा मासा (म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर जाणारा) तिथे अंडी घालून करणार काय? त्यापेक्षा इगतपुरीकडून दारणा नदीला येणारा एखादा छोटा खडकाळ ओहोळ, ज्याच्या डोहात मे महिन्यातही पाणी टिकतं, तो लाख पटीनं भारी. देवळाली मिनो हा आपल्याच भागातला मासा, 1938 मध्ये देवळालीच्या नमुन्यांवरून शास्त्रात नोंदला गेला, आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. तो नेमका कुठल्या ओहोळात उरलाय ते आधी शोधा, जेसीबी नंतर.

"प्रत्येक बंधारा माशाचा शत्रू" हेही नाही. खाली चिलापी (तिलापिया, बाहेरून आणलेला मासा) माजली असेल आणि वर देशी मासे टिकून असतील तर तो बंधारा त्यांची भिंत आहे, फोडलात तर चिलापीला रस्ता तुम्हीच करून दिलात.

आणि फोडायलाच कशाला हवा? केटीवेअरच्या, म्हणजे फळ्या लावून पाणी अडवायच्या कोल्हापुरी बंधाऱ्याच्या, फळ्या पावसाळ्याआधी काढायच्याच असतात आणि मासे चढतात तेही पहिल्या पुरांतच, त्यामुळे फळ्या वेळेत निघाल्या तर निम्मं काम तिथंच होतं, शेतकऱ्याचं रब्बीचं पाणीही जात नाही. अडचण उरते ती खालच्या उभ्या पायरीची, तिथे दगड रचून उतार करता येतो.

बाकी नाशिकच्या वर गोदावरीवर असलेल्या गंगापूर धरणाच्याही वरच्या अंगाचा बंधारा फोडला म्हणून नाशकातला मासा धरण चढून वर जाणार नाहीये, फॉरवर्ड करण्याआधी एकदा नकाशा तरी उघडा.